फिनलंडमधील राष्ट्रीय भाषा व भाषिक अल्पसंख्य

फिनलंडच्या संविधानाच्या 17 व्या कलमानुसार फिनिश व स्वीडिश या देशाच्या राष्ट्रीय भाषा होत. स्वीडिश भाषक सुमारे 5 टक्के असून त्यांची वस्ती मुख्यतः दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावर आढळते. ही वस्ती केव्हाची, याविषयी मतभेद आहेत. लोहयुगापासून ती अखंड चालत आली, असे काही अभ्यासक पूर्वी मानीत. स्थलनामांवरून मात्र साधारणतः बाराव्या-तेराव्या शतकांतील स्थलांतर अधिक संभवनीय वाटते. 1809 पर्यंत हा प्रदेश स्वीडनच्या राज्यात होता. पुढे रशियन अमलातही कारभार स्वीडिशमध्येच चाले. फिनिशला बरोबरीचे स्थान देण्यासाठी 1863 च्या फर्मानाने 20 वर्षांची मुदत घातली.

सध्याचा भाषा कायदा 2003 चा असून तो 1 जानेवारी 2004 पासून लागू आहे. त्याचे एकक नगरपालिका हे होय. अल्पसंख्य भाषक किमान 8 टक्के किंवा 3,000 असल्यास नगरपालिका द्विभाषिक ठरते. हेलसिंकी व तुर्कू येथे स्वीडिश भाषक 8 टक्क्यांहून कमी आहेत; तेथे 3,000 चा निकष उपयोगी पडतो. दर्जा जाण्यासाठी मात्र संख्या 3,000 च्या खाली आणि प्रमाण 6 टक्क्यांच्या खाली, अशा दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. त्यामुळे 7 टक्क्यांवर आलेली छोटी नगरपालिकाही द्विभाषिकच राहते. दर 10 वर्षांनी शासन एकभाषिक व द्विभाषिक नगरपालिकांची यादी ठरवते. नगरपालिकेच्या प्रस्तावावरून निकषांखालीही दर्जा राखता येतो. द्विभाषिक गावांतील रस्त्यांच्या पाट्यांवर बहुसंख्याकांच्या भाषेतील नाव वर असते.

या गणिताचा कच्चा दुवा लोकसंख्या नोंदणीत आहे. तेथे प्रत्येकाची एकच मातृभाषा नोंदवतात. दुभाषिक घरातील मूल कोणत्या तरी एकाच बाजूला मोजले जाते. सरकारी कचेरीत फिनिश वा स्वीडिश वापरण्याचा हक्क या नोंदीवर अवलंबून नाही. एकभाषिक नगरपालिकेच्या कचेऱ्या मात्र सामान्यतः आपल्याच भाषेत काम करतात.

फिनलंड व स्वीडन यांच्या दरम्यानच्या समुद्रातील ओलांड बेटांची अधिकृत भाषा फक्त स्वीडिश आहे. 1921 मध्ये राष्ट्रसंघाने बेटांवरील फिनलंडचे सार्वभौमत्व मान्य करताना तेथील स्वीडिश भाषेच्या रक्षणाची हमी घेतली होती.

उत्तरेस सामी या मूलनिवासी लोकांच्या उत्तर सामी, इनारी सामी व स्कोल्ट सामी या तीन भाषा बोलल्या जातात. सामी भाषा कायदाही 2004 पासूनचाच. उत्सयोकी, एनोन्तेकिओ, इनारी व सोदान्क्यूलॅचा उत्तर भाग हा सामी स्वभूमीचा प्रदेश. फिनिश धरून चार अधिकृत भाषा असलेली इनारी ही देशातील एकमेव नगरपालिका. रोमा लोकांच्या रोमानी भाषेचा व बधिरांच्या सांकेतिक भाषेचा उल्लेख संविधानातच आहे. सांकेतिक भाषेसाठी 2015 चा स्वतंत्र कायदाही आहे. फिनिशला जवळच्या कारेलियन भाषेला 2009 मध्ये युरोपीय अल्पसंख्य-भाषा सनदेखाली मान्यता मिळाली.