सेंट एल्वा: आधी राजाचा सोनार, मग बिशप, आणि मेल्यावर घोड्यांचा वाली

फ्रान्समधे १ डिसेंबर आला की लोहारकाम, मेटलकाम, गॅरेज, शेती असल्या धंद्यातले लोक सेंट एल्वाचा दिवस साजरा करतात, जास्त करून उत्तरेकडं, आणि साजरा म्हणजे काय तर सगळ्यांनी जमायचं आणि दाबून जेवायचं. स्पेलिंग बघून आपण एलोई वाचतो पण फ्रेंच लोक एल्वा म्हणतात, लॅटिनमधे एलिगियस. आता ज्याच्या नावानं हे मेकॅनिक लोक जेवणावळी घालतात तो माणूस मुळात लोहार नव्हता, नालबंद तर अजिबात नव्हता. सोनार होता, राजाच्या टाकसाळीतला माणूस, आणि पन्नाशी ओलांडल्यावर बिशप झाला. या सगळ्याची खिचडी कशी झाली ते बघायला चौदाशे वर्षं मागं जावं लागतं.

साल साधारण ५८८. पश्चिमेतलं रोमन साम्राज्य बुडून शंभरावर वर्षं झालेली, आजच्या फ्रान्सवर फ्रँक लोकांच्या मेरोविंजियन घराण्याचं राज्य. हे घराणं म्हणजे भाऊबंदकीचा कळस, बाप मेला की राज्याच्या वाटण्या आणि वाटण्या झाल्या की चुलत भावांच्या कत्तली. अशा काळात लिमोज शहराजवळच्या शाप्तला गावात एल्वाचा जन्म झाला. घर फ्रँक नाही, जुनं रोमन वळणाचं. (हे लक्षात ठेवा, पुढं याच गोष्टीवरून त्याला तोंडावर बोलणी खावी लागली.) पोराच्या हातात कला आहे हे बापानं ओळखलं आणि त्याला लिमोजमधल्या अब्बो नावाच्या सोनाराकडं शिकायला ठेवलं. हा अब्बो नाणीपण पाडायचा. त्या काळात नाण्यांवर बऱ्याचदा राजाचं नाव नसायचंच, गावाचं नाव आणि नाणं पाडणाऱ्याचं नाव असायचं, म्हणजे नाणं खोटं निघालं तर मान कुणाची पकडायची ते नाण्यावरच लिहिलेलं. सोनार आणि टाकसाळवाला हे एकाच माणसाचे दोन धंदे होते, आणि दोन्हीत भांडवल एकच, लोकांचा विश्वास.

तिथून तो उत्तरेकडं राजधानीच्या भागात गेला आणि राजाच्या खजिनदाराच्या ओळखीनं दरबारात शिरला. राजा दुसरा क्लोटार, ज्यानं ६१३ मधे सगळी वाटणी मोडून राज्य एक केलं. त्याला सोन्याचं रत्नजडित आसन करून घ्यायचं होतं, त्यासाठी त्यानं एल्वाला सोनं तोलून दिलं. एल्वानं आसन बनवून आणलं, राजा खूश झाला, बक्षीस द्यायला निघाला, तेवढ्यात यानं कापडाखालून दुसरं आसन काढलं, हुबेहूब तसंच, म्हणाला उरलेल्या सोन्यात हेपण झालं. आता ही गोष्ट कोणत्याही सोनारपेठेत सांगितली तरी लोक हसतील, कारण सोनं दिलं की घट येणार हे गृहीतच असतं. त्याच्या चरित्रात तर साफ लिहिलंय की इतर कारागिरांसारखी कानस खाते, आग खाते अशी कारणं त्यानं सांगितली नाहीत. म्हणजे घटीचा वाद सातव्या शतकातपण हाच होता! एक बारीक गंमत, मूळ लॅटिनमधे शब्द आहे सेला, त्याचा अर्थ आसनपण होतो आणि खोगीरपण, त्यामुळं काही लोक म्हणतात राजाला सिंहासन नाही, खोगीर हवं होतं. मला आसन जास्त पटतं.

पुढं राजानं त्याला संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घे म्हणून सांगितलं, तर हा घेईना. राजाला नाही म्हणायची भीती, पण शपथेची त्याहून जास्त भीती, शेवटी रडायला लागला. राजा म्हणाला राहू दे, हजार शपथांपेक्षा मला हे जास्त खरं वाटतं. यातला विनोद सातशे वर्षांनी इंग्रज कवी चॉसरच्या हातून घडला, त्याच्या गोष्टीतली एक नाजूक नखरेल मठाधिकारीण आहे तिची सगळ्यात मोठी शपथ कुठली, तर सेंट लॉय, म्हणजे हाच एल्वा. जो माणूस शपथ घ्यायची म्हटल्यावर रडला त्याच्या नावानं शपथा!

ही सगळी माहिती येते कुठून, तर त्याचा जिवलग मित्र दादो, म्हणजेच पुढचा रुआंचा बिशप सेंट ऊआं, यानं लिहिलेल्या चरित्रातून. आज जे हातात आहे त्यावर आठव्या शतकात कुणीतरी हात फिरवलाय असं अभ्यासक मानतात. शिवाय मित्रानं मित्रावर लिहिलेलं, तेही एक संत दुसऱ्या संताबद्दल, तेव्हा चमत्कार भरपूर असणारच. पण त्यात बारीकसारीक व्यवहाराच्या गोष्टी इतक्या येतात की सगळं रचलेलं वाटत नाही.

क्लोटार ६२९ मधे गेला आणि मुलगा दागोबेर गादीवर आला, या घराण्यातला शेवटचा दमदार राजा. त्याच्या काळात एल्वाची खरी चलती झाली, पॅरिस आणि मार्सेय अशा ठिकाणची, त्याचं नाव असलेली सोन्याची नाणी आजही आहेत, जेमतेम सव्वा ग्रॅमच्या आसपासची चिमुकली. सल्लागार म्हणूनपण वजन एवढं वाढलं की ब्रिटनीच्या (आजच्या फ्रान्सचं पश्चिम टोक) राजाशी बोलणी करायला दागोबेरनं यालाच पाठवलं आणि तो त्या राजाला घेऊनच परत आला. सुरुवातीला याचा थाटपण भारी होता, रेशमी कपडे, सोन्याचे रत्नजडित पट्टे. मग हळूहळू एकेक वस्तू वाटत गेला आणि शेवटी कमरेला दोरी बांधून दरबारात यायला लागला, राजाला लाज वाटून तो स्वतःचा पट्टा काढून द्यायचा, आणि मग तोपण वाटला जायचा.

हे सोनं जायचं कुठं, इथं मला हा माणूस खरा कळला. तो माणसं विकत घ्यायचा. गुलामांचा बाजार तेव्हा जोरात होता, जहाज लागलं की चरित्राप्रमाणं एका वेळी वीस, तीस, पन्नास, कधी शंभर माणसं सोडवायचा, त्यात रोमन, गॉल, ब्रिटन, मूर सगळे असायचे पण सगळ्यात जास्त सॅक्सन, मेंढरांसारखे हाकत आणलेले. पैसे कमी पडले की अंगावरचं काढून द्यायचा. मग त्यांना राजासमोर उभं करून, फ्रँक कायद्यातली रीत होती तशी, एक दिनार टाकून स्वातंत्र्याचा कागद करून द्यायचा. आणि नुसतं सोडून देत नव्हता, तीन पर्याय ठेवायचा, घरी जायचंय तर जा, माझ्याबरोबर राहायचंय तर भावासारखा राहा, मठात जायचंय तर तशी सोय करतो. तिलो नावाचा एक सॅक्सन असाच सुटला, एल्वाच्या हाताखाली सोनारकाम शिकला, पुढं मठवासी झाला आणि स्वतःच संत म्हणून पूजला गेला. (गुलामगिरी बंद करा असं एल्वा कुठं म्हणाला नाही हेही खरं, त्या काळात तसं म्हणणारा सापडणं अवघडच.)

लिमोजजवळची सोलिन्याकची जमीन त्यानं दागोबेरकडून मागून घेतली, का तर म्हणे तिथं तुमच्या आणि माझ्या दोघांसाठी स्वर्गात चढायची शिडी बांधतो, आणि ६३२ मधे तिथं मठ उभा केला. पॅरिसमधे बायकांसाठीपण एक मठ काढला.

६३९ मधे दागोबेर मेला आणि दोन वर्षांत एल्वानं दरबार सोडला. ६४१ मधे तो उत्तरेकडच्या न्वायाँ शहराचा बिशप झाला आणि दादो रुआंचा, दोघा मित्रांचा दीक्षाविधी एकाच दिवशी. त्या काळात बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नाही, अर्धा कलेक्टर, शहराचा कारभार, न्याय, उपाशी लोकांची सोय, सगळं त्याच्या अंगावर. म्हणून राजेलोक दरबारातले पारखलेले मोहरे बिशप करून पाठवायचे, एल्वा काही अपवाद नव्हता. याच्या वाट्याला आलेला इलाखा मात्र अवघड, न्वायाँबरोबर आजच्या बेल्जियमकडचे तूर्ने आणि फ्लँडर्सपण, जिथं बरेच लोक अजून जुने देव धरून होते.

सोनारानं कान टोचावेत म्हणतात, यानं ते अगदी मन लावून केलं. त्याच्या नावावर एक लांबलचक प्रवचन आहे, त्यात काय काय करू नका याची यादीच आहे. नवीन वर्षाला हरणाचं किंवा वासराचं सोंग घेऊ नका, बायकांनी गळ्यात अंबर (डिंकाचा दगड झालेला पिवळा खडा) बांधू नये, ग्रहणात चंद्राकडं बघून आरडाओरडा करू नका, झाडांखाली, झऱ्यांपाशी, तिठ्यावर दिवे लावू नका, गुरुवार ज्युपिटरचा वार म्हणून पाळू नका. यातला बराच मजकूर आधीच्या शतकातल्या आर्लच्या सेझेर या बिशपाच्या प्रवचनांवरून आलाय, त्यामुळं यातली प्रत्येक गोष्ट फ्लँडर्समधे चालायचीच असं धरून चालता येत नाही, तरी वाचायला भारी आहे. लोकांनी ऐकलं का, तर चरित्रच सांगतं की एका सणाला नाचगाण्यावरून हा बोलला तेव्हा लोकांनी तोंडावर सुनावलं की अरे रोमना, तू कितीही बडबड कर, आमच्या रिती तुला उखडता यायच्या नाहीत. तीस-चाळीस वर्षं फ्रँक राजांची चाकरी केली तरी बाहेरचा तो बाहेरचाच.

बिशप झाला तरी हातातलं कसब सुटलं नव्हतं. सेंट काँतँ या जुन्या हुतात्म्याच्या अस्थी त्यानं चर्चची जमीन खणून शोधून काढल्या आणि त्याला सोन्याची रत्नं जडवलेली समाधी केली. त्याआधी सेंट डेनिस, सेंट मार्टिन यांच्या समाध्यांचं कामपण त्याचंच.

१ डिसेंबर ६६० ला तो गेला, सत्तरीच्या पुढं. बातमी कळल्यावर राणी बाल्टिल्ड लवाजम्यासह न्वायाँला आली, तिला त्याचा देह पॅरिसजवळच्या शेल गावातल्या तिच्या मठात न्यायचा होता, पण म्हणे शवपेटी जागची हलेचना, कितीही माणसं लावा. शेवटी रडून परत गेली. ही बाल्टिल्ड कोण, तर इंग्लंडहून गुलाम म्हणून विकत आणलेली सॅक्सन मुलगी, जी पुढं दागोबेरच्या मुलाची बायको झाली आणि राज्य हातात आल्यावर ख्रिस्ती माणसांचा गुलाम म्हणून व्यापार करायला तिनं बंदी घातली. एल्वाच्या पेटीपाशी ती का रडली असेल हे चरित्रकारानं फोड करून सांगितलेलं नाही, गरजपण नाही.

आता घोडा. मध्ययुगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट अशी की एक बिथरलेला घोडा नाल ठोकू देईना, तर एल्वानं त्याचा पाय कापून ऐरणीवर घेतला, आरामात नाल ठोकला आणि पाय परत जोडून दिला. चित्रांत, शिल्पांत हेच दिसतं. मूळ चरित्रात हे कुठंही नाही. तिथं आहे ते वेगळंच, तो मेल्यावर त्याचा घोडा एका मठाधिपतीकडं गेला, तो पुढच्या बिशपाला आवडला, त्यानं हिसकावून घेतला, तर घोडा आजारी पडला आणि परत दिल्यावर खडखडीत बरा झाला. एवढ्याशा गोष्टीतून लोकांनी केवढं उभं केलं बघा. हातोडी आणि ऐरण सोनाराकडं असते तशी लोहाराकडंपण, तेव्हा लोहार, नालबंद, गाडीवान, शेतकरी, सगळ्यांनी त्याला आपला म्हटलं, आणि घोडे गेले नि इंजिनं आली तेव्हा मेकॅनिकपण आपसूक त्याच्याच पदराखाली. प्रोव्हाँसमधे उन्हाळ्यात अजून सेंट एल्वाच्या जत्रा होतात, झाडाच्या डहाळ्यांनी सजवलेली गाडी आणि पुढं घोड्यांची माळ.

फ्रेंच पोरांना मात्र तो भेटतो बडबडगीतात. दागोबेर राजानं विजार उलटी घातलीय आणि थोर सेंट एल्वा त्याला ते सांगतोय. गाणं अठराव्या शतकातलं, रोख जुन्या राजाच्या आडून तेव्हाच्या राजावर. दागोबेर बिचारा तेव्हापासून मूर्ख ठरला, एल्वा निदान शहाणा राहिला.

आणि उत्तरेतलं बेतून गाव. ११८८ मधे तिथं साथ आली, प्रेतं उचलायला कुणी धजेना, तेव्हा दोन लोहारांच्या स्वप्नात एल्वा आला आणि मेलेल्यांना नीट पोचवण्यासाठी मंडळ काढा म्हणाला अशी आख्यायिका आहे. स्वप्नाचं सोडा, मंडळ खरं आहे आणि चालू आहे. काळा झगा, दोन टोकांची काळी टोपी, पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक गावातल्या मयताला स्मशानात पोचवतात, श्रीमंत असो की बेवारस, पद्धत तीच, पैसे नाहीत.

त्याच्या हातचं काम मात्र जवळजवळ सगळं गेलं. शेलच्या मठातला त्याच्या नावावरचा सोन्याचा प्याला फ्रेंच राज्यक्रांतीत गेला, आता तो कसा होता हे सतराव्या शतकातल्या चित्रावरून बघायचं. दागोबेरचं म्हणून दाखवतात ते सिंहासन पॅरिसमधे आहे, पण ते ब्राँझचं, एल्वानं केलं ही परंपरेची गोष्ट. १८०४ मधे नेपोलियननं सैनिकांना पदकं वाटताना त्यावर बसून घेतलं होतं. सेंट डेनिसच्या चर्चमधला त्याचा भलामोठा सोन्याचा क्रूस १५०० च्या सुमाराच्या एका चित्रात दिसतो, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते. खऱ्या क्रूसाचा उरलाय फक्त एक तुकडा, हातात मावेल एवढा, सोन्याच्या बारीक घरांत लाल तामडे बसवलेला. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणी-पदकांच्या संग्रहात ठेवलाय, म्हणजे टाकसाळवाल्याचा तुकडा शेवटी नाण्यांच्याच शेजारी.