आयर्लंडचे युरोपियन खासदार: 15 वरून 11, मग 13, आणि त्यातले दोघं घरी

आयर्लंडमधून युरोपियन संसदेत सध्या 14 खासदार जातात. 1979 च्या पहिल्या थेट निवडणुकीत 15 होते, मधे आकडा पार 11 वर आला. तो ठरतो सगळ्या देशांच्या घासाघिशीत, आणि ठरला की मग देशात मतदारसंघांच्या रेषा हलवत बसायचं, हे इतकी वर्षं चालूच आहे.

फार मागचं सांगण्यासारखं थोडंच आहे. 1973 ला देश युरोपियन समुदायात (आजच्या युरोपियन युनियनमधे) सामील झाला तेव्हा घरच्याच संसदेतले 10 जण तिकडे धाडले जायचे. थेट निवडणुका सुरू झाल्यावरही बरेच जण दोन्ही खुर्च्या धरून बसले होते, ते बंद करायचा नियम 2004 पासून आला, तोही आयर्लंडला थोडी सवलत ठेवून. पगाराचंही तसंच, 2009 पर्यंत प्रत्येक देश आपापल्या खासदाराला आपल्या हिशोबाने पैसे द्यायचा, म्हणजे एकाच सभागृहात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या पगारात भलताच फरक.

2004 ला एकदम दहा देश आत आले आणि आयर्लंडच्या जागा 15 च्या 13 झाल्या. 2009 ला 12, 2014 ला 11. लोकसंख्या कमी झाली म्हणून नव्हे हां, ती तर वाढतच होती, फक्त संसदेच्या एकूण जागांना मर्यादा घातलेली आणि वाटेकरी वाढलेले.

मतदान पसंतीक्रमाने होतं. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी फॉलो केलीय त्यांना वेगळं सांगायला नको: कोटा (निवडून यायला लागणारी मतं), पहिल्या पसंतीची मतं, सगळ्यात मागचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला. फरक एवढाच की तिथे हे सगळं लाखो सामान्य मतदारांचं असतं आणि एका मतदारसंघातून चार-पाच जण निवडून येतात. पुढच्या घोळाचं मूळ यातच आहे.

तर 2019. ब्रिटन बाहेर पडणार म्हणून त्यांच्या 73 जागांपैकी 27 जागा इतर देशांना वाटायचं आधीच ठरलं होतं, त्यातल्या 2 आयर्लंडच्या वाट्याला आल्या. या दोन जागा उत्तर आयर्लंडच्या लोकांना द्याव्यात अशीही मागणी झाली, कारण ब्रिटनबरोबर त्यांचे 3 खासदार जाणार होते, पण ती मान्य झाली नाही. एक जागा डब्लिन मतदारसंघाला दिली (3 च्या 4), एक साउथ नावाच्या मतदारसंघाला (4 च्या 5). गडबड अशी की ब्रिटन काही वेळेत बाहेर पडेना. मार्चची तारीख एप्रिलवर गेली, एप्रिलची ऑक्टोबरवर, आणि मे मधे निवडणूक आली तरी ब्रिटन आतच. म्हणजे जागा निवडणुकीपुरत्या आहेत पण बसायला खुर्ची नाही.

यावर तोडगा काढला की निवडणूक 13 जागांची घ्यायची, पण डब्लिन आणि साउथमधे जो सगळ्यात शेवटी निवडून येईल त्याने ब्रिटन जाईपर्यंत थांबायचं. लोक त्यांना सरळ कोल्ड स्टोरेजवाले खासदार म्हणायला लागले. निवडून आलाय पण खासदार नाही, पगार नाही, ऑफिस नाही, मतदानाचा हक्क नाही. अगदी वेटिंग लिस्टचं तिकीट, फक्त पुढची गाडी कधी सुटणार ते स्टेशनमास्तरलाही माहीत नाही.

फ्रान्स, स्पेनमधेही काही जण असेच थांबले, पण तिथे पक्षाची यादी असते, यादीतलं खालचं नाव थांबलं तर फारसं कुणाचं बिघडत नाही. आयर्लंडमधे शेवटचा कोण हे मोजणीच्या कुठल्या फेरीत कोण बाद झालं आणि त्याची मतं कुणाकडे वळली यावर ठरतं. डब्लिनमधेच बघा, पहिल्या पसंतीत तिसरा असलेला उमेदवार शेवटी चौथा ठरला आणि घरी बसला, त्याच्यापेक्षा कमी पहिली पसंती मिळालेली उमेदवार इतरांची मतं घेऊन पुढे गेली आणि जुलैमधे थेट संसदेत. कायदा आधीच केला होता, सगळ्यांना नियम माहीत होते, हे कबूल. तरी मला तो क्रम लावायची पद्धत पटत नाही, पहिल्या पसंतीवर लावला असता तर निदान मतदाराला समजावून सांगता आलं असतं.

साउथमधे तर आणखी मजा. दोन उमेदवारांत तीनशे-सव्वातीनशे मतांचा फरक, त्यातून पूर्ण फेरमोजणीचा आदेश निघाला, सात लाखांहून जास्त मतपत्रिका, अंदाज 28 दिवसांचा. फेरमोजणी मागणाऱ्या उमेदवारानेच मग लगेच माघार घेतली म्हणून सुटले सगळे.

ब्रिटन शेवटी 31 जानेवारी 2020 ला गेलं, संसद 751 वरून 705 वर आली आणि 1 फेब्रुवारीपासून हे दोघं आत. मे मधे निवडून आल्यानंतर आठ महिन्यांनी. तोपर्यंत समित्यांचं वाटप वगैरे कधीच होऊन गेलेलं.

2024 ला संसदेच्या जागा 720 झाल्या, आयर्लंडला चौदावी मिळाली आणि यावेळी कुणाला थांबावं लागलं नाही. ती गेली मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट या मतदारसंघाला, तिथे आता 5. उमेदवार 27 होते, मतपत्रिका दोन फुटांहून लांब, रविवारी सुरू झालेली मोजणी शुक्रवारी संपली. याच फेरबदलात लीश आणि ऑफली हे दोन जिल्हे साउथमधून काढून परत मिडलँड्स-नॉर्थ-वेस्टमधे टाकले. परत म्हणजे 2019 ला तिथूनच उचलून साउथला जोडले होते, पाचव्या जागेपुरती माणसं भरावीत म्हणून. तिथल्या मतदाराला पाच वर्षांत खासदारांचा अख्खा संच दोनदा बदलून मिळाला. 2029 च्या आधी आकडा परत ठरायचाय.