पट्टे, ढोल आणि एक जाड स्प्रिंग

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात माझ्या काकांची डेमलर डीबी १८ ही जुनी ब्रिटिश मोटार उभी असते. पहिल्यांदा ती चालवायला बसलो तेव्हा माझा हात सवयीने गिअरचा दांडा शोधत होता. तसा दांडा या गाडीला नाहीच. स्टिअरिंगजवळ एक छोटी कळ आहे आणि क्लचच्या जागी एक पेडल आहे, पण ते क्लचचं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये संथ चालली होती. "कळ दोनवर ठेव," काका म्हणाले. ठेवली, काहीच बदललं नाही. "आता पेडल पूर्ण दाब आणि सोड." सोडलं आणि दुसरा गिअर पडला. कुरकुर नाही, धक्का नाही.

हा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स. गिअर आधी निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा पेडल मारून बसवायचा. १९२०च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बसण्याआधी चक्रांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हता. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाचा वेग जुळवायचा. अंदाज चुकला की दात्यांवर दाते घासलेच. वॉल्टर विल्सन या इंजिनिअरने ही घासाघीसच मोडीत काढली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्याच्या दोन प्रमुख रचनाकारांपैकी तो एक. सुरुवातीचा रणगाडा चालवायला आणि वळवायला चार माणसं लागत. विल्सनने १९१८च्या मार्क पाच रणगाड्यात ग्रहमाला गिअर बसवले आणि ते काम एकट्या चालकाला जमू लागलं. तीच कल्पना पुढे मोटारीत आली. आर्मस्ट्राँग सिडली कंपनीने ती आधी उचलली. डेमलरने १९३० मध्ये तिला इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या फ्लुइड फ्लायव्हीलची जोड दिली. लंडनच्या आरटी नावाच्या दुमजली बसमध्येही हाच गिअरबॉक्स होता, फक्त तिथे पट्टे आवळायचं काम हवेचा दाब करायचा.

आत काय चालतं ते मला वडिलांच्या वहीमुळे कळलं. ते कलाभवनात शिकले, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या आपल्या बडोद्याच्या कलाभवनात. वहीत ग्रहमालेची आकृती आहे: मधोमध सूर्यचक्र, भोवती फिरणारी ग्रहचक्रं, आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. समजा सूर्यचक्राला ३० दाते आहेत आणि कड्याला ९०. इंजिनाने सूर्यचक्र फिरवलं आणि कडं मोकळं सोडलं, तर कडंच उलटं फिरत बसतं, चाकांकडे जोर जात नाही. हा न्यूट्रल. आता कडं धरून ठेवा. ग्रहचक्रांना कड्याच्या आतून चालत पुढे जावंच लागतं, आणि ती ज्या चौकटीवर बसवलेली असतात ती, म्हणजे चाकांकडे जोर नेणारी चौकट, सूर्यचक्राच्या चार फेऱ्यांत एक फेरी पूर्ण करते. हा पहिला गिअर. दाते सतत एकमेकांत गुंतलेलेच असतात, त्यामुळे घासायला काही उरतच नाही. बदलतं ते एवढंच, की आपण कोणतं कडं धरतो.

दुसऱ्या गिअरची युक्ती मला सगळ्यात आवडते. पेटीत अशा एकापेक्षा जास्त ग्रहमाला असतात. दुसऱ्या माळेचं सूर्यचक्रही इंजिनच फिरवतं, पण तिची चौकट पहिल्या माळेच्या कड्याला जोडलेली असते. दुसरं कडं धरलं की ही चौकट पहिल्या कड्याला हळूहळू पुढे ढकलते. जे कडं मघाशी स्थिर होतं तेच आता मदतीला धावतं, म्हणून गाडी वेग धरते. दोन्ही माळांना सारखेच दाते धरून गणित केलं तर ४ चं गुणोत्तर २.२९ वर येतं. चौथ्या गिअरमध्ये एक शंकूच्या आकाराचा क्लच सगळ्या माळा एकत्र जखडतो आणि पूर्ण पेटी एका दांड्यासारखी फिरते.

कडं धरायचं म्हणजे त्याच्या बाहेरच्या ढोलाला ब्रेकच्या पट्ट्याने आवळायचं. प्रत्येक ढोलावर एकात एक असे दोन पट्टे असतात. ते जिथे अडकवलेले असतात त्या जागा समोरासमोर असल्याने दोघांची ओढ एकमेकांना तोलते आणि मधल्या बुशवर, म्हणजे दांड्याला आधार देणाऱ्या धातूच्या नळीवर, एका बाजूचा भार येत नाही. आवळायचा जोर आपल्या पायाचा नसतो, तो एका जाड स्प्रिंगचा असतो. पेडल दाबून आपण स्प्रिंग आखडतो, सोडलं की ती एक आडवी पट्टी वर उचलते. कळ फिरवून ज्या गिअरचा टेकू आपण त्या पट्टीसमोर आणलेला असतो, तोच पट्टा आवळला जातो.

म्हणूनच या पेडलला अर्धवट दाबण्याची सवय चालत नाही. मी ती चूक केली. टेकू नीट बसला नाही, स्प्रिंग मोकळी सुटली आणि पेडल नेहमीच्या जागेपेक्षा बरंच वर उसळून माझ्या नडगीवर बसलं. ते परत खाली न्यायला दोन्ही पायांचा जोर लावावा लागला. पेटी उघडतानाही आधी या स्प्रिंगचा ताण रीतसर उतरवायचा. घाई केली तर बोटं जातील.

आमच्या गाडीचा दुसरा गिअर दोन वर्षांपूर्वी घसरू लागला. इंजिन ओरडायचं, गाडी मागे रेंगाळायची. एका गॅरेजने "जुनी गाडी, जाड तेल हवं" म्हणून पेटीत १४० नंबरचं गिअर ऑइल भरलं होतं. इथे पट्टे तेलात बुडून काम करतात. पट्टा आवळताना मधलं तेल चटकन बाजूला झालं पाहिजे. जाड तेल निघत नाही, पट्टा घसरतो, तापतो, त्याच्या आतलं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, करपतं. शिवाय अशा तेलातली गंधकाची रसायनं गरम झाल्यावर काशाच्या बुशना खाऊ शकतात. पेटी धुऊन काढली, साधं ३० नंबरचं इंजिन ऑइल भरलं. घसरणं कमी झालं, थांबलं नाही.

झाकण उघडलं तर लायनिंग जळून काचेसारखं चकाकत होतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावं: हवेचा फवारा मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, तोंडावर योग्य मास्क हवा. आम्ही पट्ट्यांना ॲस्बेस्टॉसविरहित लायनिंग बसवलं. ढोलावर बोट फिरवलं तर नखाला चरे लागत होते. मकरपुऱ्याच्या एका लेथवाल्याने ते चरे जातील एवढाच धातू काढला, आणि ढोल गोल आहे ना हे बारीक फरक दाखवणारा डायल गेज लावून दाखवलं.

पण नवा पट्टा किती घट्ट करायचा? हे पेटी स्वतः ठरवते, आणि हीच विल्सनची खरी करामत. ओढणाऱ्या सळईवर एक नट असतो, नटाभोवती एक कडी. लायनिंग झिजलं की पट्टा आवळायला जास्त अंतर लागतं. मग कडी एका अडसराला थडकते आणि नटाला किंचित पुढे फिरवते. उलट जाताना मात्र नुसती सरकते, नट जागेवरच राहतो. झीज तेवढी भरपाई.

झाकण उघडं ठेवून काका सीटवर बसले, मी टॉर्च घेऊन वाकलो. कळ दोनवर. पेडल पूर्ण खाली, पूर्ण वर. कडी थडकली, नट थोडासा सरकला. पुन्हा. वीस-पंचवीस वेळा झालं तेव्हा नटाचं सरकणं दिसेनासं झालं. "थांबलं का रे?" काकांनी विचारलं. "थांबलं," मी म्हणालो, आणि काकांनी कळ तीनवर नेली.