३५ सेकंदांचे गणित

‘दोन विमानांची हवेतील टक्कर थोडक्यात टळली, दैव बलवत्तर म्हणून प्रवासी बचावले’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते आणि वाचणारा सुटकेचा निःश्वास टाकून पान उलटतो. अशा बहुतेक प्रसंगांत विमानातील ‘टीकॅस’ या टक्कर टाळणाऱ्या यंत्राने दोन्ही वैमानिकांना काय करायचे हे काही सेकंद आधी सांगितलेले असते आणि त्यांनी ते केलेले असते, ही गोष्ट मात्र बातमीत क्वचितच येते. ज्या कामगिरीमागे साठ-सत्तर वर्षांचे गणित आणि शेकडो जणांच्या मृत्यूंतून घेतलेले धडे आहेत, तिचे श्रेय दैवाला देणे मला पटत नाही.

मराठवाड्याचे आकाश या विषयाची ओळख करून घ्यायला सोयीचे आहे. उत्तरेकडून हैदराबाद-बंगळूरकडे जाणारी आणि मुंबईहून पूर्वेला निघालेली विमाने आपल्या डोक्यावरून जातात आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी त्यांच्या पांढऱ्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात. पाऊस लांबला की याच रेषांकडे बोट दाखवून ‘विमाने ढग पळवतात’ असे बोलले जाते. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीत गोठते आणि त्या हिमकणांची रेषा उमटते. पावसाचे ढग हुसकावून लावण्याची कोणतीही शक्ती तिच्यात नाही. छत्रपती संभाजीनगरहून २०१५ साली कृत्रिम पावसासाठी उडालेले विमान वेगळ्या कामाचे होते, त्याचा या प्रवासी विमानांशी संबंध नाही.

खालून पाहताना एकमेकांना भिडल्यासारखी वाटणारी ती विमाने प्रत्यक्षात निदान १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर, वर-खाली असतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना ३५,००० किंवा ३७,००० फुटांसारखी विषम पातळी मिळते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना ३४,००० किंवा ३६,००० फुटांसारखी सम पातळी. ही उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते आणि वरच्या पातळ्यांवर सर्व विमाने १०१३.२५ हेक्टोपास्कल हाच एक पायाभूत दाब धरतात. त्यामुळे मोजमाप खऱ्या उंचीपेक्षा थोडे चुकले, तरी ते सर्वांचे सारखेच चुकते आणि दोन विमानांमधील फरक बरोबर राहतो.

ही शिस्त मोडली की काय होते, हे भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिले. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंग ७४७ ला १४,००० फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती आणि दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ ला १५,००० फुटांवर थांबायचे होते. कझाक विमान त्याखाली उतरले, हरियाणातील चरखी दादरीजवळ दोघांची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने या अपघाताची चौकशी केली. टक्कर टाळणारे यंत्र या दोन्ही विमानांत नव्हते. भारतात ते सक्तीचे झाले ते या अपघातानंतर.

वैमानिकाने काचेतून पाहून वेळीच वळावे, ही अपेक्षा भूमितीतच बसत नाही. टकरीच्या मार्गावर असलेले दुसरे विमान काचेवर इकडे-तिकडे सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे थांबलेले असते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. मानवी डोळा हालचाल चटकन टिपतो, पण स्थिर ठिपका त्याच्या नजरेतून निसटतो.

म्हणून हे काम टीकॅसकडे दिलेले असते. प्रत्येक प्रवासी विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचे उत्तर देणारे रेडिओ उपकरण असते. टीकॅस १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवते आणि आसपासच्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर आपली उंची कळवतात. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते; म्हणून १५ किलोमीटरवरच्या विमानाकडे जाऊन परत येण्यास तिला १०० मायक्रोसेकंद लागतात. ट्रान्सपॉन्डरने उत्तराआधी घेतलेला ठरावीक विलंब वजा केला की अंतर मिळते. दर सेकंदाला ते पुन्हा मोजले की जवळ येण्याचा वेगही कळतो.

आता या विषयातील मला सर्वांत आवडणारी कल्पना. धोका किती जवळ आहे हे किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, हे बेंडिक्स कंपनीतील जॉन मॉरेल यांनी १९५० च्या दशकात ओळखले. जालना रस्त्यावर ओव्हरटेक करणारा चालकही समोरची गाडी किती मीटरवर आहे हे मोजत नाही, ती किती वेळात येऊन पोहोचेल याचा अंदाज घेतो. मॉरेल यांनी अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागले. या भागाकाराला ‘टाऊ’ म्हणतात आणि त्याचे उत्तर सेकंदांत येते. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला अर्धा किलोमीटर कमी होते. २०,००० फुटांच्या वर टाऊ ४८ सेकंदांवर आला, म्हणजे अंतर २४ किलोमीटर उरले, की ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ अशी पूर्वसूचना मिळते. तो ३५ सेकंदांवर, म्हणजे साडेसतरा किलोमीटरवर आला, की आज्ञा मिळते. उंचीतील फरकालाही अशीच कसोटी असते, म्हणून १,००० फूट राखून सरळ जाणाऱ्या विमानांना सहसा आज्ञा मिळत नाही.

परंतु या साध्या भागाकारात एक फट आहे. दोन विमाने जवळजवळ समांतर उडत सेकंदाला केवळ १० मीटरने जवळ येत असतील, तर ३५ सेकंदांचा इशारा ३५० मीटर अंतरावर मिळेल. तेव्हा त्यांतले एखादे विमान किंचित जरी वळले, तरी सावरायला वेळ उरणार नाही. म्हणून गणितात एक किमान अंतर घातले गेले, जे वरच्या पातळ्यांवर १.१ सागरी मैल, म्हणजे सुमारे २ किलोमीटर आहे. अंतराच्या वर्गातून या किमान अंतराचा वर्ग वजा करायचा आणि बाकीला अंतर व वेग यांच्या गुणाकाराने भागायचे. समोरासमोरच्या विमानांसाठी उत्तर जवळपास पहिल्याइतकेच राहते, कारण १७ किलोमीटरच्या वर्गापुढे २ किलोमीटरचा वर्ग नगण्य ठरतो. समांतर विमानांसाठी मात्र तोच इशारा ३५० मीटरऐवजी सुमारे सव्वादोन किलोमीटरवर मिळतो. एका वजाबाकीने दोन्ही टोके सांभाळली जातात.

आज्ञा फक्त वर किंवा खाली जाण्याचीच असते, डावी-उजवीकडे वळण्याची नाही. विमानावरच्या छोट्या अँटेनाला दुसऱ्या विमानाची दिशा ढोबळमानानेच कळते. ती पाच अंशांनी चुकली, तर १५ किलोमीटरवर सव्वा किलोमीटरची चूक होते. उंची मात्र दुसरे विमान स्वतःच अचूक सांगते. वैमानिक पाच सेकंदांत प्रतिसाद देईल आणि मिनिटाला १,५०० फूट वेगाने चढेल किंवा उतरेल, असे गृहीत धरलेले असते. उरलेल्या ३० सेकंदांत त्याला सुमारे ७०० फूट मिळतात, आणि दुसरे विमान उलट दिशेने गेले तर फरक दुप्पट होतो.

दोघेही वर गेले तर? म्हणून दोन टीकॅस रेडिओवरून आपसांत ठरवून घेतात. ‘मी वर जाणार आहे’ असे एकाने आधी कळवले की दुसरे खालची दिशा निवडते. दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली, तर त्याचाही निकाल आधीच ठरलेला आहे. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा एक क्रमांक असतो, असे १ कोटी ६७ लाखांहून अधिक क्रमांक उपलब्ध आहेत, आणि ज्याचा क्रमांक मोठा त्याने दिशा बदलायची. येथे चर्चेला जागा नाही.

माणसाने या करारात हस्तक्षेप केला की तो मोडतो. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन येथे एक रशियन टुपोलेव्ह-१५४ आणि एक मालवाहू बोइंग ७५७ ही दोन्ही विमाने ३६,००० फुटांवर होती. टुपोलेव्हला टीकॅसने ‘वर जा’ असे सांगितले, जमिनीवरील नियंत्रकाने ‘खाली उतरा’ असे सांगितले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे ऐकून विमान खालीच नेले. ७१ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बरीच लहान मुले होती. यंत्राची आज्ञा नियंत्रकाच्या सूचनेपेक्षा वरचढ समजावी, हा नियम या अपघातानंतर जगभर निःसंदिग्धपणे लिहिला गेला.

टीकॅस सर्वशक्तिमान आहे, असा प्रचारही खरा नाही. दुसऱ्या विमानात उत्तर देणारा ट्रान्सपॉन्डर नसेल, तर टीकॅसच्या दृष्टीने ते विमान अस्तित्वातच नसते. ब्राझीलवर २९ सप्टेंबर २००६ रोजी ३७,००० फुटांवर एका छोट्या जेटचा ट्रान्सपॉन्डर बंद होता. समोरून येणाऱ्या बोइंग ७३७ ला कोणताही इशारा मिळाला नाही आणि त्यातील सर्व १५४ जण मरण पावले. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांच्या आत टीकॅस चढण्या-उतरण्याच्या आज्ञा देत नाही, कारण उतरत्या विमानाला तेथे ‘खाली जा’ म्हणणे जिवावर बेतेल. वॉशिंग्टनमध्ये २९ जानेवारी २०२५ रोजी सुमारे ३०० फुटांवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण गेले. तेव्हाही ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढीच पूर्वसूचना मिळाली होती.

आपल्याकडे लग्नाच्या चित्रीकरणासाठी आणि पिकांवर फवारणीसाठी उडणाऱ्या ड्रोनमध्ये असा ट्रान्सपॉन्डर सहसा नसतो. चिकलठाणा किंवा नांदेडच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचा टीकॅस ते पाहू शकत नाही आणि त्या उंचीवर तो आज्ञाही देणार नाही. त्यामुळे तेथे संरक्षण केवळ नियमांचे आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येते, त्याहून जवळ उडवण्यापूर्वी परवानगी लागते, आणि आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येते.