आइसलँडचा दगड आणि दोन ठिपके

आइसलँडच्या पूर्व भागात हेल्गुस्टाडिर इथे बेसॉल्टच्या पोकळ्यांत काचेसारखे नितळ कॅल्साइट हे खनिज सापडे; त्यालाच आइसलँड स्पार म्हणतात. (आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही कॅल्साइट मिळते.) त्या आइसलँड स्पारवरचे प्रयोग इरास्मुस बार्थोलिनने 1669 मध्ये कोपनहेगनला छापले. कागदावरच्या ठिपक्यावर दगड ठेवला की ठिपके दोन दिसतात. दगड जागच्या जागी फिरवा, एक हलत नाही, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. कारण दगडात शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो (हेच द्विअपवर्तन): पहिला ठिपका सामान्य किरणाचा, दुसरा असामान्य. 1 सेंमी जाडीला दोघांत अंतर जेमतेम 1.1 मिमी पडते. म्हणून ठिपका सुईच्या टोकाएवढा हवा, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात.

डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1690 मध्ये हिशेब जुळवला: स्फटिकात एक तरंग गोल पसरतो, दुसरा लंबगोल. भूमिती चोख होती, पण एका गोष्टीने त्याला अडवले. एकावर एक दोन दगड सारख्या दिशेने ठेवले तर किरण पुन्हा फुटत नाहीत. वरचा 45 अंशांनी वळवला की ठिपके चार होतात. याचे कारण आपल्याला सापडले नाही, असे त्याने सरळ लिहून ठेवले. सापडणार तरी कसे? ध्वनीसारख्या पुढेमागे होणाऱ्या तरंगाला बाजूच नसतात. 1808 मध्ये पॅरिसला मालूसने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडकीवरून परावर्तित झालेले ऊन स्पारमधून पाहिले, तर दगड फिरवताना दोन प्रतिमा आळीपाळीने मंदावत होत्या. म्हणजे ध्रुवण (प्रकाशाची कंपने एकाच दिशेत बांधली जाणे) ही एकट्या स्फटिकाची करामत नव्हती. 1821 मध्ये फ्रेनेलने प्रकाशतरंग आडवे, म्हणजे पुढे जाण्याच्या दिशेला काटकोनात हलणारे, मानले आणि गाठ सुटली.

1828 मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोलने स्पार तिरपा कापून दोन्ही तुकडे कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने चिकटवले; हाच निकोल प्रिझम. बाल्समचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 1.54, स्पारमधल्या सामान्य किरणाचा 1.658. त्यामुळे तिरपा आलेला सामान्य किरण सांध्यावरून पूर्ण परावर्तित होऊन बाजूला जातो आणि असामान्य किरण तेवढा पार होतो. किरण फार पसरट आले तर मात्र सामान्यही थोडा निसटतो. शिवाय कॅल्साइटची कठिणता मोहच्या 10 पर्यंतच्या मापावर 3च, पुसतानासुद्धा ओरखडे उठतात, आणि जुने बाल्सम पिवळे पडते.

टॅलबटने 1834 मध्ये निकोल प्रिझम सूक्ष्मदर्शकाला जोडले. आज तिथे ध्रुवण करणारी पोलरॉइडची पत्री असते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा खडकाचा पातळ छेद 0.03 मिमीपर्यंत घासला की नाही हे अजूनही द्विअपवर्तनच सांगते: एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (ध्रुवण करणाऱ्या पत्र्यांमध्ये) क्वार्ट्झ राखाडी-पांढरा दिसायला हवा. गडद पिवळा किंवा नारिंगी दिसला तर छेद अजून जाड आहे, घासत राहा.