नॉर्वेने इलेक्ट्रिक गाड्या स्वस्त केल्याच नाहीत

इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी नॉर्वेचं नाव काढतंच, आणि मग दुसरा कुणीतरी लगेच म्हणतो की अहो त्यांच्याकडे तेलाचा पैसा पडून आहे, सरकार सबसिडी वाटतंय आणि लोक गाड्या घेतायत, त्यात काय मोठं. आकडे जबरदस्त आहेत यात वाद नाही. 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के पूर्ण बॅटरीवरच्या होत्या, 2025 मध्ये तर हा आकडा 95 च्या वर गेला. पण सबसिडीची गोष्ट मात्र अर्धवट आहे, कारण साध्या माणसाने घरासाठी इलेक्ट्रिक कार घेतली म्हणून सरकारने त्याच्या हातात चेक ठेवला असं तिथे झालंच नाही. सरकारने फक्त कर घेतला नाही. आणि ही सवलत एवढी मोठी ठरली कारण बाकीच्या गाड्यांवरचा कर आधीपासूनच तोंडाला फेस आणणारा होता.

हे नीट समजायला एक उदाहरण पुरतं. काही वर्षांपूर्वी फोक्सवॅगन गोल्फ ही गाडी पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही प्रकारात मिळायची. नॉर्वेत आणताना पेट्रोल गोल्फची मूळ किंमत साधारण 22 हजार युरो आणि इलेक्ट्रिकची 33 हजार, म्हणजे दीडपट! आता पेट्रोलवालीवर कर लावत जा. कार्बन डायऑक्साइड किती सोडते त्याचा कर, नायट्रोजन ऑक्साइडचा वेगळा, वजनाचा वेगळा, वर 25 टक्के व्हॅट. शोरूममधून बाहेर पडेपर्यंत ती 34 हजारांवर पोचायची आणि इलेक्ट्रिक मात्र 33 हजारांतच राहायची. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी स्वस्त झालीच नाही, ती होती तेवढ्यालाच होती, तिच्या शेजारी उभी असलेली पेट्रोल गाडी महाग होती. आणि ग्राहक शेवटी दोन किमती शेजारी ठेवूनच बघतो, पर्यावरणाचं प्रेम वगैरे ठीक आहे.

यात अजून एक गंमत अशी की बहुतेक सवलती इलेक्ट्रिक गाड्या धड नव्हत्या तेव्हाच्या आहेत. 1989 मध्ये आ-हा या पॉप बँडमधले मॉर्टेन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन, आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचा फ्रेडरिक हाउगे, ही मंडळी इलेक्ट्रिक करून घेतलेली एक फियाट पांडा घेऊन ऑस्लोत फिरायची आणि टोलनाक्यावर पैसे द्यायला चक्क नकार द्यायची. दंड साचला की गाडी जप्त, मग लिलाव, आणि लिलावात तीच मंडळी परत ती विकत घ्यायची. पेपरात फोटो आले, चर्चा झाली, आणि पुढे 1990 मध्ये आयात-नोंदणी कर माफ झाला, 1997 ला टोल, 2001 ला व्हॅट, 2005 ला बसच्या लेनमधून जायची परवानगी.

पण तरी 2010 पर्यंत रस्त्यावर गाड्या किती, तर जेमतेम काही हजार. वीस वर्षं सवलती चालू आणि घेणारं कुणी नाही, कारण घ्यायला होतं काय, तर छोट्या, कमी पल्ल्याच्या गाड्या. मग लिथियम बॅटरी स्वस्त व्हायला लागली. 2010 च्या सुमारास बॅटरीला दर किलोवॅट-अवर क्षमतेमागे हजार डॉलरच्या वर पडायचे, 2024 मध्ये ते सव्वाशेच्या खाली आले. निस्सान लीफ आली, 2013 मध्ये टेस्ला मॉडेल एस आली आणि वीस वर्षं तयार बसलेलं धोरण एकदम कामाला लागलं. माझ्या मते नॉर्वेचा खरा शहाणपणा इथे आहे, दर बजेटला नियम बदलत बसले नाहीत. बाकी नशीबही होतंच म्हणा, 90 टक्क्यांच्या आसपास वीज पाण्यावर तयार होते, आणि थंडीत इंजिन गरम ठेवायला गाडी रात्री प्लगला लावायची सवय लोकांना आधीपासून होती. शिवाय स्वतःचा मोठा कार उद्योग नाही, त्यामुळे पेट्रोल गाड्यांवर कर लावला म्हणून बोंबलणारा कारखानदारही नाही.

फुकट मात्र काहीच नव्हतं. सुरुवातीला फायदा झाला तो बहुतेक पैसेवाल्यांचा, घरात एक गाडी असताना दुसरी म्हणून टेस्ला घेणाऱ्यांचा. ऑस्लोकडे येणाऱ्या बस लेनमध्ये एवढ्या इलेक्ट्रिक गाड्या घुसल्या की बसच अडकायला लागल्या, मग गर्दीच्या वेळी सोबत निदान एक प्रवासी पाहिजे असा नियम काढावा लागला. टोल बुडाला, सरकारचं उत्पन्न घटलं. त्यामुळे आता सवलती हळूहळू काढून घेतायत. 2023 मध्ये 5 लाख क्रोनरच्या (नॉर्वेचं चलन) वरच्या किमतीवर व्हॅट लावला आणि वजनावरचा कर इलेक्ट्रिकलाही लागू केला. पण हे कधी केलं ते बघा, नव्या विक्रीत इलेक्ट्रिकचा वाटा 80 टक्क्यांजवळ पोचल्यावर. आणि तरी रस्त्यावरच्या एकूण गाड्या बदलायला वेळ लागतोच, नोंदणी झालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जास्त झाल्या त्या 2024 च्या सप्टेंबरमध्ये, आणि डिझेल तेव्हाही सगळ्यांच्या पुढेच होतं.

आता आपल्याकडे. गंमत म्हणजे खाजगी इलेक्ट्रिक कारसाठी केंद्राची योजनासुद्धा थेट पैसे देत नाही, फेम-2 या इलेक्ट्रिक वाहनांच्या अनुदान योजनेत कार होत्या त्या फक्त टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराच्या, आणि 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी कार नाहीतच. आपलाही खेळ कराच्या फरकाचाच आहे. इलेक्ट्रिकवर 2019 पासून 5 टक्के जीएसटी, छोट्या पेट्रोल कारवर सेस धरून 29 टक्के, फरक 24 चा. महाराष्ट्रात त्यावर पेट्रोल गाडीचा 11 ते 13 टक्के वाहन कर, जो इलेक्ट्रिकला नाही. मग सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल कारचा जीएसटी 18 वर आला. लोक खूश झाले, मीही म्हणेन की सामान्य माणसाला दिलासा मिळाला, पण इलेक्ट्रिकला एका पैशाचाही धक्का न लावता तिचा जीएसटीतला फायदा 24 वरून 13 वर आला, हे फारसं कुणी बोललं नाही. मोठ्या एसयूव्हीवर 40 टक्के आहे, तिथे फरक अजून बराच शिल्लक आहे, म्हणून नवीन इलेक्ट्रिक गाड्या बहुतेक त्याच आकारात येतायत याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही.

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोल-विजेच्या फरकातून इलेक्ट्रिकसाठी मोजलेले जादा पैसे काही वर्षांत वसूल होतात, घरी चार्जिंग असेल तर अजून लवकर. पण रविवारीच गाडी काढणाऱ्याचा हिशोब खरेदीच्या किमतीवरच अडतो, आणि तिथे कराचा फरक हाच सगळा मुद्दा असतो. मार्च 2025 च्या राज्याच्या बजेटमध्ये 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर सुचवला होता, श्रीमंतांनी भरावा म्हणून. कल्पना नॉर्वेचीच, फक्त आपल्या देशात नव्या कारमध्ये इलेक्ट्रिकचा वाटा अडीच-तीन टक्के असताना. त्याच महिन्यात तो मागे घेतला, हे बरं झालं.