आघाड्याच्या राखेत काय उरतं?

पावसाळा लागला की खानदेशात बांधावर, उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीलगत आघाडा माजतो. श्रावणात जिवतीला त्याची माळ लागते, ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासतात आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते. एरवी त्याची आठवण निघते ती शेतातून आल्यावर पायजम्याला चिकटलेली काटेरी फळं वेचताना. रानभाज्यांच्या मोसमात मात्र याच आघाड्याबद्दल ‘लोह भरपूर, कॅल्शियम भरपूर, पोटॅशियम भरपूर’ असं ठासून सांगितलं जातं. पोटॅशियमबद्दल तक्रार नाही. लोहाबद्दल आहे.

आधी पोटॅशियम. केळी लावणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ते पालाश म्हणून माहीत असतं आणि त्याची गोणी केवढ्याला पडते हेही. वाळवलेल्या हिरव्या पाल्याच्या वजनात पोटॅशियम साधारण 1 ते 5 टक्के असतं. जिवंत पानात ते विरघळलेल्या स्वरूपात, सेंद्रिय आम्लांच्या सोबतीने राहतं, म्हणून पान चावलं तर खारट-दाहक लागत नाही. झाड जाळलं की ही आम्लं जळून जातात आणि पोटॅशियम कार्बोनेट मागे राहतं. राखेचा अल्कलीपणा असा आगीत तयार होतो.

आयुर्वेदात आघाड्याला अपामार्ग म्हणतात; अपामार्ग क्षार म्हणजे हीच राख, पण धुऊन घेतलेली. अख्खं झाड मुळासकट वाळवून जाळायचं, राख सहापट पाण्यात कालवायची, फडक्यातून एकवीस वेळा गाळायची आणि ते पाणी आटवायचं. भांड्याच्या तळाशी पांढरट खार उरतो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर ही मोठी नेटकी विभागणी आहे. 100 मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट 100 ग्रॅमहून जास्त विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेट मिलिग्रॅमभर. म्हणजे फडक्यातून खाली येतं ते मुख्यतः पोटॅशियम, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, वाळू हा बहुतेक ऐवज वर फडक्यातच अडकतो. आघाड्याच्या पानात लोह कितीही असो, क्षारात ते जवळजवळ येत नाही. पानातली सॅपोनिनं (फेस आणणारी द्रव्यं) आणि मुळातलं एक्डिस्टेरोन हे संप्रेरकासारखं द्रव्य आगीतच संपलेलं असतं. क्षार ही निव्वळ खनिज वस्तू आहे. ‘वनस्पतीजन्य’ म्हणून ती सौम्य असेल असं समजणं महागात पडू शकतं.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अकराव्या अध्यायात क्षार तीव्र करण्याची युक्ती आहे: चुनखडी आणि शंख-शिंपले भाजून त्या पाण्यात घालायचे. भाजलेला चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र आले की चुन्याचा साका खाली बसतो आणि पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजेच कॉस्टिक पोटॅश. कातडी खाणारा पदार्थ. शस्त्राऐवजी क्षार वापरावा असं तिथे म्हटलं आहे ते या ताकदीमुळे. भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराजवळच्या नासूरावर, वापरायच्या क्षारसूत्र नावाच्या औषधी दोऱ्यात आजही आघाड्याचाच क्षार लागतो. दोऱ्यावर निवडुंगासारख्या दिसणाऱ्या थोराचा चीक, हा क्षार आणि हळद यांचे मिळून एकवीस लेप चढवतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या दोऱ्याची शस्त्रक्रियेशी तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. जखम भरायला दोऱ्याने सुमारे आठ आठवडे घेतले, शस्त्रक्रियेने चार. पण दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्याच्या बाजूला 4 टक्के होतं, शस्त्रक्रियेच्या बाजूला 11. हे काम प्रशिक्षित वैद्याचं आहे. घरी राख कालवून पोटात घेण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने तर या पोटॅशियमपासून लांबच राहावं.

आता लोह. तापीकाठची काळी जमीन बेसॉल्टपासून झालेली, त्यामुळे तिच्यात लोहाची वाण नाही. तरीही याच जमिनीत हरभरा किंवा भुईमूग पिवळा पडतो आणि कृषी सहायक लोहाची कमतरता सांगतो. जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. सामू एका अंकाने वाढला की त्या लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. माती लोहाने भरलेली आणि मूळ उपाशी. रुंद पानांच्या वनस्पती मुळाशी आम्ल सोडून लोह सुटं करून घेतात. ज्वारी-बाजरीसारखी गवतं लोह पकडणारे वेगळे रेणू बाहेर सोडतात. आघाडा पहिल्या गटातला. तेव्हा सातपुड्याच्या मुरमाड उतारावरचा आघाडा आणि यावलच्या काळ्या रानातला आघाडा यांचा तपासणी अहवाल एकसारखा यावा अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

त्यात धुळीची भानगड. आघाड्याची पानं लवदार, झुडूप बुटकं, पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल थेट पानावर. समजा, मातीत 6 टक्के लोह आहे आणि पाल्याच्या वाळलेल्या पुडीत वजनाने फक्त 1 टक्का माती राहून गेली. तेवढ्यानेच किलोमागे 600 मिलिग्रॅम लोह अहवालात चढतं. निरोगी पानाचं स्वतःचं लोह किलोला 50 ते 250 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे अहवालात दिसणारा भला मोठा आकडा हा पानाचा नसून मातीचा असू शकतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक पानं सौम्य आम्लाने आणि शुद्ध पाण्याने धुतात, स्टीलच्या मिक्सरऐवजी खलात वाटतात, आणि सोबत टायटॅनियमही मोजतात. वनस्पती टायटॅनियम जवळजवळ घेत नाही, मातीत मात्र ते असतंच. ते वाढलेलं दिसलं की लोहाच्या आकड्याकडे संशयाने पाहायचं.

बरं, आकडा खरा आहे असं धरू. किलोमागे 200 मिलिग्रॅम, पण कोरड्या वजनावर. ताज्या पाल्यात 80-85 टक्के पाणी. शंभर ग्रॅम निवडलेल्या पाल्यात कोरडा भाग पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे लोह तीन-चार मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार 29 मिलिग्रॅम. शिवाय आघाडा राजगिऱ्याच्या कुळातला, आणि हे कूळ ऑक्झॅलेट या पानातल्या आम्लाच्या क्षारासाठी प्रसिद्ध. ऑक्झॅलेट कॅल्शियमला असं घट्ट धरतं की त्यातलं बरंचसं आतड्यातून तसंच निघून जातं. लोहाच्या बाबतीत भाजीवर लिंबू पिळणं उपयोगी, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह शोषायला मदत होते; जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिनं उलटं काम करतात.

जी झाडं मातीतून लोह-जस्त उचलतात, ती शिसं आणि कॅडमियमही उचलतात. वनौषधींसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत: किलोमागे शिसं 10 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.3, आर्सेनिक 3, पारा 1. यातला पारा राख करताना उडून जातो, म्हणून तो मोजायचा तर नमुना जाळत नाहीत, बंद भांड्यात नायट्रिक आम्लात विरघळवतात. शिसेयुक्त पेट्रोल भारतात 2000 साली बंद झालं, पण शिसं मातीतून सहजासहजी जात नाही. धुळे-जळगावमधून जाणाऱ्या जुन्या महामार्गाच्या कडेचा आघाडा कितीही हिरवागार दिसला तरी भाजीला किंवा औषधाला शेतातलाच, रस्त्यापासून आत शिरून तोडलेला घ्यावा.